रक्त येईतोवर

बास्त्यांव कार्दोज, वय अठ्ठावन्न, राहणार दिवाडी.
खाजनाच्या मानशीवर रात्रीची राखण.
परवा जाळं ओढताना शेंगटीचा काटा लागला, म्हणाला,
घोट्याच्या वर.
ती जागा शोधायला मला चष्मा पुसावा लागला.

पाय तांबूस. थोडा सुजलेला.
असे पाय आम्ही गोळ्या देऊन घरी पाठवतो,
दिवसाला चार तरी.
पण याला चादर लागलेली सोसवेना,
आणि बायको दारातून सांगत होती
की दात काढतानाही हा ओरडला नव्हता.

निळ्या पेनाने मी लालीच्या कडेने रेघ ओढली.
बाजूला वेळ लिहिली : नऊ वाजून दहा.

शेवंती वेळीप. केप्याहून आली होती, तीन वर्षांपूर्वी.
मांडी दाखवत होती, आणि मांडीवर काही नव्हतं.
मी लिहिलं, वेदना अवाजवी.
तेव्हा तो शब्द मी तिच्याविरुद्ध लिहिला होता.
आता तोच लिहिते,
निदान म्हणून.

दहा वाजता लाली रेघेच्या दोन बोटं वर.
रक्तदाब ऐंशी. लघवी नाही.
घोट्याशी एक फोड, पिकल्या जांभळाच्या रंगाचा.
सीटी स्कॅनच्या रांगेत फोंड्याचा अपघात, दोन माणसं.
सरांनी फोनवर विचारलं, थांबतेस?
नाही, म्हटलं.

"दोतोर," बास्त्यांव म्हणाला, डोळे मिटूनच,
"बांद वयल्यान बरोच दिसता. तणूय आसता.
भितर कुर्ल्यांनी पोखरून उडयला.
पांय दवरल्यारच कळटा."

इतकं नेमकं मला वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

जागा बधिर केली. दोन बोटांची चीर.
रक्त आलं नाही.
आलं ते भांडी विसळून उरलेलं करडं पाणी.
चिरेतून बोट आत घातलं,
आणि बोट चालत गेलं,
वर, बाजूला, कुठेच अडलं नाही.
कातडी जिथे मांसाला धरून असते
तिथे कुणी कुणाला धरून नव्हतं.

मग थिएटर. मग कापणं.
कुठवर कापायचं, याला एकच नियम :
रक्त येईतोवर.
पहिला लाल थेंब दिसला तेव्हा गुडघा मागे राहिला होता.
डॉक्टर केंकरे डोक्याशी बसून दाब सांभाळत होते,
सलाईनमागून सलाईन, डॉक्सीसायक्लिन, सेफ्ट्रियाक्सोन,
आणि सिस्टर एस्पेरान्स गॉझ मोजताना
मधेच एखाद्या आकड्याच्या जागी
सायबिणीचं नाव घेत होती.

पहाटे ती निळी रेघ बादलीत होती.
माझ्या अक्षरातली वेळ
अजून वाचता येत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. पुन्हा कापला.
तिसऱ्या दिवशी उघडला, पाहिला,
आणि काही कापलं नाही.
त्या दिवशी कँटीनमध्ये मी पातळ भाजी आणि चार पाव खाल्ले.

प्रयोगशाळेचा कागद नंतर आला. व्हिब्रिओ.
खाऱ्या, कोमट पाण्यात राहतो.
कागद आला तोवर त्याचं काम झालं होतं, आमचंही.

महिन्याभराने मांडीची कातडी सोलून,
यंत्रातून काढून, जाळीदार करून पोटरीवर अंथरली.
पट्टी सुटली तेव्हा बास्त्यांव वाकून बघत राहिला,
जाळं विकत घेणाऱ्याच्या नजरेने.
"भोंकां ल्हान," म्हणाला,
"हातूंतल्यान सुंगट लेगीत वचचें ना."

मी हसले. सिस्टर तर खुर्चीत बसूनच हसली.

शेवंतीची फाईल खाली रेकॉर्डमध्ये आहे,
नंबर मला पाठ आहे.
तिच्या मांडीवर रेघ नव्हती,
त्यामुळे ते कधी, कुठून, किती पुढे गेलं
हे त्या फाईललाही ठाऊक नाही.

ॲप्रनच्या खिशात आता दोन पेनं असतात.
एक लिहायला.